यादीत उरलेल्या बायका

“वाच.” तोताराम बऱ्हाट्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं नाही, चारुलताच्या हातातच दिलं. “मोठ्यानं वाच. मले वाचता येते. पन मले तुझ्या तोंडून आयकनं आहे.”

पाकिटावरची नावाची पट्टी चारुलतानेच छापलेली होती, तिनेच चिकटवलेली होती. ती वाचू लागली, “श्रीमती कुंदाबाई सुकदेव बऱ्हाटे, मुक्काम पोस्ट पहूर.”

“अन् आत?”

“आपण आवर्जून उपस्थित राहून आम्हांस आशीर्वाद द्यावेत.”

“आता सांग, कुठून येईन ते? माझी माय जायेल चार वर्सं झाले. पत्रिका माझ्या बायकोनं घेतली दारात. नाव पाह्यलं अन् तथीच खाली बसली.”

चारुलता उभी राहिली. बसलेल्या माणसाने असं ऐकू नये, एवढंच तिला त्या वेळी कळलं. जळगावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या कार्यालयात ती अकरा वर्षं कारकून होती. मंडळाला पंचवीस वर्षं होत होती, रविवारी मेळावा होता, आणि हजारभर पत्रिका मागच्याच आठवड्यात टपालात पडल्या होत्या.

“अन् गंमत पाह्य,” तोताराम म्हणाले. “बापाच्या नावानं नाई आली. बाप तिच्या दोन वर्सं आधी गेला. बाप गेला ते तुम्हाले समजलं. माय गेली ते नाई समजलं. बाईमानूस, तिचं काय लिव्हायचं, असंच ना?”

आतल्या खोलीतून अध्यक्ष घेवरचंद शेठ बाहेर आले. त्यांचं कापडाचं दुकान खालीच होतं, कार्यालयाची जागाही त्यांचीच. त्यांनी स्वतः पाण्याचा पेला पुढे केला. “तोतारामभाऊ, बसा. चूक झाली, हात जोडतो. रजिस्टर निंबा नानांकडे असतं. नाना आता चौऱ्याऐंशीचे झाले. खूण करायची राहून गेली असणार.” मग ते चारुलताकडे वळले. “काय हो चारुताई?”

चारुलताची मान खाली-वर झाली.

एवढंच झालं. तोंडातून शब्द गेला नाही, म्हणून आपण काही बोललो असं तिला तेव्हा वाटलंच नाही.

निंबा नाना बोदवडचे. शाळेतून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि मंडळ निघालं त्या दिवसापासून त्याचं सभासद रजिस्टर लिहू लागले. आठवड्यातून दोनदा पॅसेंजरने यायचे, खिशात हिरव्या शाईचं पेन असायचं. रजिस्टरात नावं जोडीने लिहायची रीत त्यांचीच. धन्याचं नाव वर, बाईचं नाव त्याच्या खाली. संसारात जसे बसले तसे पानावर बसले. कुणी गेल्याची बातमी आली की नाना त्या नावाशेजारी तुळशीचं एक बारीक पान काढायचे आणि खाली तारीख घालायचे. नाव मात्र कधी खोडायचे नाहीत. “गेलेल्या मानसावर काट मारू नाई,” म्हणायचे. “ते काय आपलं देनं लागत व्हतं?”

दिवाळीनंतर चारुलताने ते सगळं रजिस्टर कॉम्प्युटरवर चढवलं. जिथे तुळशीचं पान, तिथे तिने ‘गेले’ असं टाइप केलं. अकराशे नावं. टायपिंग तिला नवं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षापासून ती दुसऱ्यांचीच पत्रं टाइप करत आली होती. नवं होतं ते पुढचं. त्रेचाळिसाव्या वर्षी तिने रविवारच्या सकाळी प्रोग्रामिंगचा क्लास लावला होता. वर्गात सगळी कॉलेजची पोरं, शिकवणारी विधी मॅडम चोवीस वर्षांची, तीसुद्धा हिला “काकू” म्हणायची. चारुलता शेवटच्या बाकावर बसायची, वहीच्या मागच्या पानावर ‘माझ्या चुका’ असं शीर्षक घालून लिहायची.

‘लिस्टमध्ये पहिलं माणूस शून्याच्या जागेवर बसतं. एकपासून मोजलं तर पहिलंच दाराबाहेर राहतं.’

‘दहा जणांच्या लिस्टमध्ये दहाव्या जागेवर कुणी नसतं. हाक मारली की प्रोग्राम थांबतो.’

‘जुन्या लिस्टला नवीन नाव दिलं म्हणजे दुसरी लिस्ट झाली असं नाही. बाई एकच, माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. एकीला मारलं की दुसरीला लागणारच.’

हे शेवटचं वाचून विधी मॅडम खळखळून हसल्या होत्या आणि त्यांनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं. चारुलता लाजली होती. ती लाज गोड होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने लिहिलेलं काही तिचं स्वतःचं होतं.

म्हणून पत्रिकांची यादी करायची वेळ आली तेव्हा तिने चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. नाव घे. ‘गेले’ असेल तर यादीतून काढ. पुढच्या नावावर जा. आधी दहा नावांवर चालवून पाहिला, बरोबर आला. मग अकराशेंवर चालवला. पापणी लवायच्या आत यादी तयार. शेठनी सभेत सांगितलं, “आपल्या चारुताईंनी मंडळासाठी प्रोग्राम लिहिला! नाना, आता तुम्ही आराम करायचा.” टाळ्या पडल्या. नानांनीही वाजवल्या. मेळाव्यात पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल नानांचा सत्कार करायचं त्याच सभेत ठरलं होतं.

तोताराम येऊन गेले ते मंगळवारी. बुधवारी भडगावहून फोन आला, मग रावेरहून, मग पुन्हा भडगावहून. दुपारी धुळ्याची एक सून बोलली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्त लागलं. “ताई, मनी सासू वारनी तीन वरीस व्हयनात. तुम्हना मंडयले बठ्ठं ठाऊक शे म्हनतस ना? मंग हाई काय शे?”

“चूक झाली, ताई,” चारुलता म्हणाली.

“कोनी?”

चारुलताने फोन दुसऱ्या कानाला लावला. “कार्यालयाची.”

गुरुवारी शेठनी नानांना बोलावून घेतलं. नाना धुतलेली टोपी घालून आले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाकिटं एकेक करून डोळ्यांजवळ धरून पाहिली. शेठ सौम्यपणेच बोलले. “नाना, कुणी मुद्दाम करत नाही. वय होतं माणसाचं. चारुताईंनाही तसंच वाटतं.”

नानांनी चारुलताकडे पाहिलं नाही. “व्हयी राह्यलं असीन,” ते म्हणाले. “डोये पह्यल्यासारखे नाई राह्यले.” रजिस्टर त्यांनी दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं. “आता हे आथीच राहू द्या. अन् रईवारी मी काई येत नाई. लोकं पाहतीन.”

“सत्कार पुढच्या वर्षी करू,” शेठ म्हणाले.

“करा,” नाना म्हणाले.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी पुढचं वर्ष म्हणजे काय, हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. नाना जिन्यावरून उतरले. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत उतरले. चारुलता वरून ऐकत राहिली.

शुक्रवारी सकाळी तिने रजिस्टर उघडलं. नानांच्या राहून गेलेल्या खुणा शोधाव्यात, त्या कुटुंबांना पत्रं लिहावीत, एवढाच विचार होता. पहूरचं पान काढलं. सुकदेव धोंडू बऱ्हाटे, शेजारी हिरवं पान. कुंदाबाई सुकदेव बऱ्हाटे, शेजारी हिरवं पान. खाली तारीख. देठसुद्धा काढलेला.

तिने पान उलटलं. भडगाव. धनी, पान. बाई, पान. धुळे. धनी, पान. बाई, पान.

ती पानामागून पान उलटत गेली. एकही खूण सुटली नव्हती. पंचवीस वर्षांत एकही नाही.

मग तिने कॉम्प्युटरवरची मूळ यादी काढली. कुंदाबाईपुढे ‘गेले’ होतं. तिनेच टाइप केलेलं. म्हणजे रजिस्टर बरोबर, टायपिंग बरोबर. उरल्या त्या चार ओळी. चारुलताने त्या ओळी आणि यादी पेनड्राइव्हवर घेतली आणि ती तशीच क्लासवर गेली.

विधी मॅडमनी त्या ओळी उभ्याउभ्याच पाहिल्या आणि हसल्या. “काकू! हे तर सगळ्यांचं होतं. लूप एकेका नावावरून फिरत असताना त्याच लिस्टमधून रिमूव्ह करायचं नसतं. मी फर्स्ट इयरला हेच केलं होतं.”

“पण दहा नावांवर बरोबर आलं होतं.”

“त्या दहांत दोन गेलेले शेजारी-शेजारी नसतील.” त्यांनी फळ्यावर पाच चौकोन काढले. दुसरा पुसला. “हा गेला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. तिसरा आला दुसऱ्याच्या जागी. पण लूप दुसरी जागा बघून झालाय, तो जाणार तिसऱ्या जागेवर. म्हणजे हा जो सरकला, त्याला कुणी विचारलंच नाही. तो गेलेला असला तरी यादीत राहतो.”

चारुलता फळ्याकडे बघत राहिली. धनी वर, बाई खाली. धनी गेला की बाई त्याच्या जागेवर सरकते, आणि मग तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. जी हयात असेल ती तशीच राहते, बिघडलेलं दिसतही नाही. जी गेली असेल तीही राहते.

“दुरुस्ती सोप्पी आहे,” विधी मॅडम म्हणाल्या. “काही काढायचंच नाही. नवी रिकामी लिस्ट घ्यायची आणि जे हयात आहेत तेवढे तिच्यात ठेवायचे. जुनी तशीच राहू द्यायची, तिला हात लावायचा नाही.”

एका ओळीचं काम होतं. चारुलताने तिथेच केलं. दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. एक्केचाळीस नावं जास्तीची निघाली. त्यांतल्या चौतीस बायका.

“झालं की दुरुस्त!” विधी मॅडम म्हणाल्या. “एवढं काय, काकू? कुणाला कळणारही नाही.”

ते खरं होतं. शुक्रवारचा उरलेला दिवस चारुलता त्या खऱ्याला हातात घेऊन बसली. नव्या यादीत चूक नव्हती. जुनी चूक नानांनी आपली म्हणून उचलून नेली होती. काही न बोलता चालणार होतं. ती मंगळवारी बोलली नव्हतीच, तसंच पुढे.

शनिवारी ती रजिस्टर पिशवीत घालून बोदवडच्या गाडीत बसली.

नाना ओट्यावर होते. पुढ्यात जुन्या कॅलेंडरची पानं, पाठकोऱ्या बाजूने वर केलेली, आणि त्यांवर हिरव्या शाईत नावं.

“ये, चारू. बैस.” त्यांनी पानं एका बाजूला केली. “डोक्सं लढवून पाहू राह्यलो. कोनाकोनाची खून राह्यली असीन. भडगावचे आठवले, पहूरचे आठवले. पन मले तर आठवते का, कुंदाबाईचं पान मी काढेल व्हतं. थंडीचे दिवस व्हते, बोटं वयत नव्हते. आता असं आठवाले लागलं, म्हंजे डोक्सं गेलंच म्हना.”

“नाना, तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”

“मले बरं वाटावं म्हनून बोलू नको.”

चारुलताने रजिस्टर काढून पहूरचं पान त्यांच्यापुढे उघडलं. नानांनी चष्मा वर केला, खाली केला. मग बोट ठेवलं.

“हे मीच काढेल आहे.”

“हो, नाना.”

“मंग?”

“पंगत बसली आहे असं समजा. वाढपी एकेका पानावर जाऊन विचारतो, तुम्ही उठणार का? एक जण उठला. मागची सगळी माणसं एकेक पान पुढे सरकली. वाढपी मात्र पुढच्या पानावर गेला. जो सरकून आला, त्याला विचारायचंच राहिलं. माझा प्रोग्राम तसा चालला. धनी उठले, बाई सरकली, तिला कुणी विचारलं नाही.”

नानांनी हिरव्या खुणेवरून पुन्हा बोट फिरवलं. गल्लीतून मक्याच्या कणसांची गाडी गेली, तिची घंटी वाजून विरून गेली.

“म्हंजे तुझ्या वाढप्यानं पानं मोजली,” ते म्हणाले. “मानसं पाह्यली नाई.”

“हो.”

“तुले कधी समजलं?”

“काल सकाळी.”

“अन् गुरवारी? शेठ म्हने, चारूबी तसंच म्हनते.”

“तेव्हा मला माहीत नव्हतं, नाना.”

“माहीत नव्हतं, मंग हो कायले म्हनली?”

चारुलताकडे उत्तर होतं. टाळ्या वाजल्या होत्या त्याचं, शेवटच्या बाकाचं, ‘चारुताईंनी प्रोग्राम लिहिला’ या तीन शब्दांचं. पण ते या ओट्यावर मांडण्यासारखं नव्हतं.

“शेठले सांगितलं?”

“अजून नाही. म्हटलं आधी तुम्हाला...”

“आथी कोन आयकते?” नानांनी गल्लीकडे हात केला. तिथे एक शेळी बांधलेली होती. “माझ्या ओट्यावर येऊन सांगनं सोपं आहे, पोरी.”

मग त्यांनी आत तोंड करून चहा सांगितला. चहा आला. नानांनी बशी स्वतः तिच्यापुढे सरकवली, पाव्हणीचा मान ठेवला. तेवढा मान तिला गिळवेना.

संध्याकाळी ती शेठच्या दुकानात गेली. शेठनी सगळं ऐकून घेतलं, कापडाचा तागा गुंडाळत गुंडाळत. “चारुताई, कळलं. आता ते नानांचंच राहू द्या.”

“का?”

“म्हाताऱ्या माणसाची चूक लोक पोटात घालतात. कॉम्प्युटरची नाही घालत. उद्या म्हणतील, यादीच खोटी. आणि नानांनी स्वतः मान्य केलंय की.”

“त्यांनी मान्य केलं, शेठ, तेच तर मला बघवत नाही.”

शेठनी तागा खाली ठेवला. “लाडकुंवरबाई, माझी आई, दोन वर्षांमागे गेली. वडील आधी गेले,” ते हळूच म्हणाले. “आमच्याकडेही आली असेल मग पत्रिका. दुकानाच्या टपालात पडली असेल कुठे.” त्यांनी तागा पुन्हा उचलला. “बोला उद्या. स्वागतगीताच्या आधी, दोन मिनिटं. पण मला बोलायला सांगू नका.”

रविवारी सभागृह भरलं. पांढऱ्या टोप्या, डोक्यावरून घेतलेले पदर, काठ्या खुर्च्यांना टेकवलेल्या. चारुलता माईकसमोर उभी राहिली. तिने लिहून आणलं नव्हतं.

“मी चारुलता. कार्यालयात कारकून आहे. गेलेल्या एक्केचाळीस माणसांच्या नावाने पत्रिका गेल्या. रजिस्टरात प्रत्येकाची खूण होती. नानांनी एकही सोडली नव्हती. कॉम्प्युटरवर यादी मी केली. प्रोग्राम मी लिहिला, तो चुकीचा लिहिला. आणि शेठनी विचारलं तेव्हा मी...” माईकमध्ये तिचा श्वास मोठा होऊन सगळ्यांना ऐकू गेला. “मी मान हलवली. नानांचं नाव पुढे आलं ते मी येऊ दिलं.”

मग मधल्या रांगेतून तोताराम उठले.

“म्हंजे बापाची नाई आली अन् मायचीच आली, ते यानं?”

“हो, भाऊ.”

“मी तर नानाले पहूरच्या चौकात चार लोकांत शिव्या देल्या. त्या आता कोनाच्या नावावर टाकू?”

दोघे-चौघे हसले.

“माझ्या,” चारुलता म्हणाली.

हसू थांबलं. तोताराम उभेच राहिले, मग टोपी नीट करत खाली बसले. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, “काय म्हनते वं ते?” शेजारणीने सांगितलं. “बाई!” एवढंच त्या म्हणाल्या. ते चारुलताला माईकपाशी ऐकू आलं.

“मंग नाना कुठी आहेत?” कुणीतरी विचारलं.

माना वळू लागल्या. नाना शेवटच्या रांगेत होते, दाराजवळ, पाण्याच्या पिंपाच्या आडोशाला. कधी आले, कुणी पाहिलं नव्हतं. शेठनी व्यासपीठावरून हात जोडले. “नाना, वर या.”

नाना उठले. “चालू द्या कार्येक्रम,” ते म्हणाले. माईक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. “माझी गाडी आहे.”

ते दाराबाहेर पडले. चारुलता व्यासपीठाच्या मागच्या पायऱ्या उतरून अंगणात आली तेव्हा नाना फाटकाशी पोचले होते. उशिरा येणाऱ्यांच्या रिक्षा तिथे थांबत होत्या. म्हातारी माणसं एकेक पाय काढत उतरत होती, आणि नाना प्रत्येकापाशी थांबत होते.

“का रे रुपचंद, गुडघा कसा आहे?”

“बरा आहे नाना. तुम्ही चालले?”

“चाललो. सुंदरबाई, नातीचं लगीन झालं का वं?”

“वैशाखात आहे, नाना. या बरं.”

“येईन ना. येईन.”

चारुलताला हाक मारायची होती. ती फाटकाच्या अलीकडे उभी राहिली आणि तिने हाक मारली नाही. नानांनी मागे पाहिलं नाही. कुणीतरी मोटरसायकल थांबवून स्टेशनवर सोडतो म्हणालं, त्यांनी मान हलवून नको सांगितलं, आणि उन्हातून, रस्त्याच्या कडेने नव्हे, मधून चालत गेले. समोरून येणारा प्रत्येक म्हातारा त्यांना पाहून थांबत होता, आणि नाना त्याला त्याच्या नावाने हाक मारत होते.